नवऱ्यांना खुर्ची नाही

आमच्या टेबलावर आम्ही चौघी. त्यातली जी सगळ्यात मोठ्याने हसायची तिला आम्ही भोंगा म्हणायचो, आणि तिला ते नाव आवडायचं. हसू आलं की ती आधी हातातला कप खाली ठेवायची, मग टेबलाची कड घट्ट धरायची, आणि मग जे काही बाहेर पडायचं त्याने काउंटरवरची मुलगी दूध फेसवता फेसवता थांबायची. नवीन गिऱ्हाइकं दचकायची. जुन्यांना कळायचं की गुरुवारची दुपार झाली.

घरी मात्र ती असं हसत नसे. लग्न नवीन असताना दोघं कुणाकडे जेवायला गेली होती. तिथे ती अशीच हसली, तेव्हा नवऱ्याने तिच्या कोपराला हलकेच बोट लावून ‘जरा हळू’ म्हटलं. ओरडले नाहीत. ते ओरडणाऱ्यांतले नव्हतेच. पण ते ‘जरा हळू’ तिच्या कोपराला जे चिकटलं ते चिकटलंच. हे तिनेच आम्हाला सांगितलं होतं, तेही हसत हसत. बाईमाणसाला पोटभर हसायला एक जागा लागते, आणि ती घरात सापडली नाही तर घराबाहेर करावी लागते, असं तिचं म्हणणं. म्हणून हे टेबल तिने जमवलं. कॅफे तिने शोधला, कोपरा तिने पकडला, आम्हाला एकेकीला पकडून तिनेच आणलं. मी चष्म्याचं दुकान चालवते, माझ्याकडे ती वाचायचा चष्मा करायला आली आणि जाताना मलाच घेऊन गेली.

टेबलाचे नियम दोन, दोन्ही तिचेच. पहिला, नवऱ्यांना खुर्ची नाही. आमच्यातली सगळ्यात लहान, जिला आम्ही धाकटी म्हणतो, तिचा नवरा एकदा तिला न्यायला लवकर आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसायला लागला. भोंगाने त्याला गोड आवाजात सांगितलं, "भाऊजी, गाडीत बसा. इथे तुमची बदनामी चालू आहे, ती तुमच्यासमोर नीट होत नाही." बिचारा लाल होऊन बाहेर जाऊन बसला. दुसरा नियम, दुखणी बाहेर ठेवून यायचं. चार बायका एका वयानंतर एकत्र बसल्या की गप्पा गुडघ्यावरून सुरू होतात आणि साखरेवर संपतात, याचा तिला भयंकर राग होता. ज्या बाईला दुखणं सांगायचंय तिने दवाखान्यात जावं, कॉफी कशाला गार करायची, असं ती म्हणायची. एकदा माझ्या पाठीचं मी नुसतं नाव काढलं तर तिने बशीवर चमचा वाजवून मला गप्प केलं होतं.

तिचं स्वतःचं काम दुखण्यांचंच होतं, म्हणून असेल. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ती फोनवर होती. ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा,’ एवढंच बोलायचं. रिपोर्टात काय आहे ते तिला समोर दिसायचं, पण पलीकडच्या माणसाला तिच्या आवाजावरून कशाचाही सुगावा लागता कामा नये, चांगल्याचाही नाही आणि वाईटाचाही नाही. पुष्कळ वर्षं केलेलं काम अंगात मुरतं. मनात काय चाललंय ते आवाजात उतरू न देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ती नोकरी तिने गेल्या वर्षी सोडली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. आम्ही माना डोलावल्या. खरं कारण आम्हाला खूप उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण आमच्यासारखं तुम्हालाही मूर्ख बनवण्यात मला काही रस नाही. तिचे यजमान विसरायला लागले होते.

भोंगाचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्ट तपासणारे अधिकारी होते. शहरातल्या इमारतींमधून फिरायचे, दारं नीट मिटतात का, दोर कुठे झिजलाय का, मधेच अडकली तर घंटा वाजते का, हे बघायचे. शिस्तीचा माणूस, सांगितलेलं काम अर्धवट टाकायचं नाही. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला चष्मा साखरेच्या डब्यात सापडायला लागला, तेव्हा दोघं हसली. मग एका संध्याकाळी ते खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे राहिले आणि दार उघडेना म्हणून रडकुंडीला आले. मग एक दिवस ती भाजी घेऊन घरी आली तर त्यांनी दार उघडून तिला फार अदबीने विचारलं, "आपल्याला कोण हवंय?" त्या दिवशी तिच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते तिच्याच त्या लॅबमधल्या आवाजात सांगितलं, आणि हे आता वाढतच जाणार हे तिला शब्दांच्या आधी आवाजावरून कळलं.

हे घरात आलं आणि बाकीचं सगळं घराबाहेर गेलं. फोन आला की ‘कसे आहेत ते’, जिन्यात शेजारीण भेटली की ‘कसे आहेत ते’, तिची सख्खी बहीणसुद्धा आधी तेच विचारायची. गुरुवारचं टेबल तेवढं उरलं होतं. तिथे ती कुणाच्या आजाराची राखणदार नव्हती, भोंगा होती. गुरुवारी भाऊजींजवळ बसायला तिची मोठी नणंद यायची. नणंद भली बाई, हिला दाराबाहेर ढकलायची आणि म्हणायची, जा, हसून ये. पण नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती मुलाकडे राहायला गेली. दोन गुरुवार भोंगा आली नाही, सर्दीचं निमित्त सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती त्यांना बरोबर घेऊनच आली.

आता तिची पंचाईत बघा. आम्हाला सांगावं तर दुखणं टेबलावर आलं, आणि त्यांना शेजारी बसवावं तर नवऱ्याला खुर्ची मिळाली. स्वतःचे दोन्ही नियम एका दमात मोडायचे, आणि त्याबरोबर टेबलही गेलंच. मग तिने मधला मार्ग काढला. भाऊजींना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं, आमच्यापासून मधे दोन टेबलं सोडून. समोर कॉफी, केक, वर्तमानपत्र. खाली वाकून त्यांना सांगितलं की मी त्या तिथे आहे, मी येईपर्यंत उठायचं नाही. त्यांनी साहेबांचा हुकूम घ्यावा तशी मान हलवली. आणि ती आमच्याकडे येऊन, खिडकी समोर दिसेल अशा खुर्चीवर बसली.

आम्ही विचारलंच. ती म्हणाली, घरी बसून कंटाळतात, पेपर वाचतात, तुम्हाला काय त्रास? टेबल तर वेगळंच आहे. आवाज असा सपाट की पुढे काही विचारायची सोयच नाही.

पण डोळे आम्हालाही होते. आणि आमच्यात वकीलबाई होती. वकीलबाई कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. बायकोचा फोन तपासणारे, तिच्या मैत्रिणी तोडणारे, तिची नोकरी सोडायला लावणारे नवरे ती रोज दिवसभर बघते. अशा माणसाला सगळीकडे तेच दिसतं. मला नाही का, समोरचा माणूस नुसता डोळे चोळायला लागला तरी नंबर वाढलाय असं वाटतं.

"तो पेपर वाचत नाहीये," दुसऱ्याच गुरुवारी भोंगा काउंटरकडे गेल्यावर वकीलबाई म्हणाली. "मघापासून एक पान उलटलेलं नाही. नजर हिच्यावर आहे."

आम्ही पाहिलं. खरंच होतं. भाऊजी एकटक भोंगाकडे बघत होते. ती कुठे आहे हे विसरू नये म्हणून बघत होते, हे आम्हाला काय माहीत. आणि ती तरी काय, आमच्याशी बोलता बोलता डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवून. त्यांनी जरा खुर्ची सरकवली की हिचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. ते उठल्यासारखे झाले की ही उठून जायची, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलायची आणि परत येऊन ‘हं, काय म्हणत होतीस’ म्हणायची. हसणं तर संपलंच होतं. धाकटी एरवी तिच्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून तिला लोळवायची, तीही आता फुकट जायला लागली. भोंगा हसायला तोंड उघडायची, नजर खिडकीकडे जायची, आणि हसू तिथेच विझायचं.

मग मनगट दिसलं. कप उचलताना बाही वर गेली आणि आत निळा-काळा डाग, बोटांचे ठसे मोजावेत असा. एका सकाळी न्हाणीघरात भाऊजींना आपण कुठे आहोत ते कळेना, घाबरून त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ते सोडेनात, त्याचा तो डाग होता. भोंगाने झटकन बाही खाली ओढली आणि म्हणाली, दारात सापडलं. वकीलबाईने माझ्याकडे पाहिलं. दारात सापडलेली किती मनगटं तिने कोर्टात पाहिली असतील.

त्या दिवसापासून आमचं टेबल बिघडलं. भोंगा जाईपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो आणि ती गेली की तिच्याबद्दल बोलायचो. नोकरी सोडली, सोडायला लावली असणार. बाहेर कुठे येत नाही, येऊ देत नसणार. आता तर इथेही पाठीवर बसून असतो. एकेक गोष्ट खरी, आणि जोडून काढलेला अर्थ साफ उलटा. धाकटी म्हणाली की आपण तिलाच विचारूया. वकीलबाई म्हणाली, अशा बायका विचारून सांगत नाहीत, आणि आपण विचारलं हे त्याला कळलं तर घरी हिचं काय होईल. मग विचारायचं राहिलंच. आपली एवढी हसरी मैत्रीण, आणि घरी तिच्यावर हात पडतो, या विचाराने मला रात्र रात्र राग यायचा. राग आला की माणसाला आपलं बरोबरच वाटतं.

त्या गुरुवारी कॅफे भरलेला होता. कॉफी दळायच्या यंत्राची घरघर, खुर्च्यांचे आवाज, कुणाचं तरी तान्हं रडतंय. त्या कॅफेला स्वतःचं स्वच्छतागृह नाही. मागच्या दाराने इमारतीच्या बोळात जावं लागतं, आणि त्याची चावी काउंटरवरच्या मुलीकडे, हरवू नये म्हणून एका भल्यामोठ्या लाकडी डावाला बांधलेली. भोंगा तो डाव घेऊन निघाली. जाताना खिडकीपाशी थांबली, वाकून भाऊजींना काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आत रांग असणार हे आम्हाला ठाऊक होतं.

वकीलबाई उठली. ती काय करणार हे आम्हाला कळलं, आणि धाकटीही गप्प राहिली, मीही. मधली दोन टेबलं ओलांडून ती भाऊजींच्या समोर उभी राहिली. आरडाओरडा तिने केला नाही, तो तिचा स्वभावच नाही. कोर्टात बोलते तशी स्पष्ट बोलली, आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"हे बघा, तिला आठवड्यातून एक दुपार तरी एकटीला बसू द्या. ती काही कुठे पळून जात नाहीये. तुम्ही इथे बसलात की तिला हसतासुद्धा येत नाही."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या टेबलाकडे, भोंगाच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळे."

"बरं," ते म्हणाले. "सांगितलंत ते चांगलं केलंत."

त्यांनी पेपराची नीट घडी घातली, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि दाराकडे गेले. दारात एक बाई बाबागाडी घेऊन आत येत होती, तिच्यासाठी त्यांनी दार धरून ठेवलं. मग बाहेर पडले आणि काचेपलीकडच्या माणसांत दिसेनासे झाले.

वकीलबाई येऊन बसली. ती घटाघटा पाणी प्यायली. म्हणाली, साधा निघाला, मला वाटलं होतं भांडेल. धाकटीने तिचा हात दाबला. मी मनातल्या मनात आम्हा तिघींची पाठ थोपटली. दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

भोंगा मागच्या दाराने आत आली. हातात तो लाकडी डाव. आमच्याकडे बघायच्या आधी तिने खिडकीकडे पाहिलं, आणि जागच्या जागी थांबली.

"कुठेत?"

"अगं, बस आधी," वकीलबाई म्हणाली. "मी बोलले त्यांच्याशी. गेले ते घरी. निदान आज तरी तू जरा निवांत..."

"किती वेळ झाला?"

"झाला थोडा वेळ. का?"

आणि मग भोंगाने आम्हाला सांगितलं, त्या फोनवरच्या आवाजात. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. "त्यांना घर सापडत नाही. रस्ता ओलांडायचं भान नाही. खिशात फोन नाही, देऊन उपयोग नाही. मी कोण हे कधी आठवतं, कधी नाही आठवत. तुम्ही दोघी उजवीकडे जा, धाकटी, तू बसथांब्यावर जा, मी चौकात जाते."

वकीलबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती काहीतरी म्हणायला लागली, पण ऐकायला भोंगा तिथे नव्हतीच.

बाहेर रस्ता नेहमीसारखा धावत होता आणि मला त्या रस्त्याचा संताप आला. धाकटी बसथांब्याकडे पळाली. नुकतीच एक बस सुटली होती, आणि ते तिच्यात चढले की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. मी दुकानादुकानांतून डोकावत निघाले. कसे दिसतात, असं लोक विचारायचे, आणि मला सांगता येईना. किती गुरुवार त्यांच्याकडे बघून आम्ही काय काय ठरवलं, पण शर्ट कुठल्या रंगाचा होता हे तिघींपैकी एकीलाही धड आठवेना. चष्मा होता का? जी बाई जगाला चष्मे लावते तिला हेही सांगता आलं नाही.

चौकातून भोंगाचा आवाज येत होता. "अहो!" अशी हाक मारत ती चालली होती. लग्न झाल्यापासून तिने त्यांना दुसरी कुठली हाक मारलीच नव्हती. पण भर रस्त्यात अहो म्हटल्यावर कोण थांबणार? निम्मे पुरुष वळून बघायचे आणि पुढे जायचे. दोनदा तिला वाटलं तेच आहेत, जवळ जाऊन पाहिलं तर भलतेच. मग ती सिग्नलच्या खांबाला धरून उभी राहिली आणि तिने त्यांच्या नावाने हाक मारली. नुसतं नाव, मग आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. तो आवाज आम्हाला ओळखीचा होता. तेच ते छातीतून निघणारं, सगळा रस्ता थांबवणारं. फक्त त्यात हसू नव्हतं.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली आणि सिग्नलला गर्दीत अडकली. भोंगा गाड्यांच्या मधून धावत गेली आणि हातातल्या डावाने तिने चालकाची काच ठोठावली. आत कोण आहे, कुठून उचललं, वय काय, असं ती विचारत होती. मी मागून पोचले तेव्हा तो चालक बिचारा काच खाली करून सांगत होता की गाडी रिकामी आहे, आणायला चाललोय. कुणाला आणायला, असं तिने विचारलं. त्याला पत्ता तेवढा माहीत होता, पुढच्या वळणावरचा, कुणीतरी रस्त्यावर पडलंय एवढंच. सिग्नल सुटला. भोंगा त्या गाडीमागे धावायला लागली आणि मी तिच्यामागे. माझ्या पाचावर धारण बसली होती. वकीलबाई आमच्या पुढे गेली. एवढी जोरात पळताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. वळणावर गर्दी होती. तिने गर्दीत घुसून पाहिलं, आणि वळून आम्हाला हाताने नाही म्हणून खूण केली. सायकलवरून पडलेला कोणीतरी होता. तो उठून बसलाही होता. त्या अनोळखी माणसाला बघून आम्हाला किती हायसं वाटलं हे सांगायची मला आजही लाज वाटते.

पोलीस चौकीत जायचं ठरलं. फोटो भोंगाच्या पर्समध्ये होता आणि पर्स कॅफेत, म्हणून मी परत फिरले. कॅफेच्या शेजारीच इमारतीचं मोठं दार आहे. तिथे सामान पोचवणारा एक माणूस खोकी खाली ठेवून घाम पुसत होता आणि रखवालदारावर वैतागला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की कोणी एक म्हातारा लिफ्टचं दार धरून उभा आहे, जाऊ देत नाही, आणि वरपर्यंत पायी चढून आमचा जीव गेला.

मी तिथूनच भोंगाला फोन लावला. पण फोनही त्या पर्समध्येच. मग धावत जाऊन तिला आणि वकीलबाईला घेऊन आले.

लिफ्टचं दार उघडं होतं. भाऊजी आत उभे होते, एक पाय दारात, पेपर काखेत. पिशव्या घेतलेल्या एका बाईला ते समजावून सांगत होते की हे दार मिटायला वेळ लावतं, ते आधी बघायला पाहिजे, तोपर्यंत जिन्याने गेलेलं बरं. भोंगाला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी त्यांना ती आठवत होती.

"बसून झालं तुझं?" त्यांनी विचारलं.

भोंगा लिफ्टच्या दाराला धरून उभी राहिली.

"त्या बाई म्हणाल्या, तुला एकटीला बसायचंय." त्यांनी वकीलबाईकडे बोट केलं. "मग मी इकडे आलो. इथून ते मागचं दार दिसतं. तू निघालीस की मला कळलं असतं."

बोळाच्या टोकाला कॅफेचं मागचं दार खरंच दिसत होतं. आम्ही सगळा रस्ता पालथा घातला, आणि ते सांगितलेलं काम करत होते.

भोंगाने त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना बाहेर आणलं. वकीलबाई भिंतीला टेकून रडत होती. मला माहीत नव्हतं गं, मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणत होती. मला वाटलं भोंगा आता तिला फाडून खाईल. तिने खायलाही हवं होतं.

"माहीत नव्हतं तेच बरं होतं," भोंगा म्हणाली. "सगळीकडे मला विचारतात, ते कसे आहेत. एका टेबलावर तेवढं विचारायचे, तू कशी आहेस. आता तुम्हीही तेच विचाराल. गेलं माझं टेबल."

मग तिला हातातला डाव दिसला. तो तिने माझ्याकडे दिला, म्हणाली, एवढा काउंटरवर दे, तिथे बायका खोळंबल्या असतील. आणि ती भाऊजींना घेऊन निघून गेली.

पुढचे कितीतरी गुरुवार ती आली नाही. फोन उचलायची नाही. आम्ही तिघी जाऊन बसायचो, का ते आम्हालाच कळत नव्हतं. नियम मोडायला कोणी नव्हतं म्हणून नियमही राहिले नाहीत. मी पाठीचं सांगितलं, धाकटीने आईच्या डोळ्यांचं, आणि कॉफी गार झाली. काउंटरवरच्या मुलीने एकदा विचारलं, त्या हसणाऱ्या ताई कुठे गेल्या. त्या दिवशी वकीलबाई कप तसाच टाकून उठली आणि थेट भोंगाच्या घरी गेली.

तिथे काय झालं ते मी तिच्याकडूनच ऐकलं. भोंगाने दार उघडलं पण आत ये म्हटलं नाही. वकीलबाईने दारातच सांगितलं की मी माफी मागायला आलेले नाही, ती तू देऊ नकोसच. कोर्टाच्या इमारतीतली लिफ्ट रोज अडकते आणि तिच्याबद्दल मला भाऊजींशी बोलायचंय, ते गुरुवारी दुपारी, खिडकीजवळच्या टेबलावर. मी नसेन तेव्हा आमच्यातली दुसरी कोणीतरी असेल. मोठ्या टेबलावर नवऱ्यांना खुर्ची नाही ती नाहीच, आणि तिथे त्यांच्याबद्दल तुला कोणी चकार शब्द विचारणार नाही. भोंगाने दार आणखी थोडं उघडलं. मग म्हणाली की त्यांना कॉफी कोमट लागते.

ती आली. पहिले काही गुरुवार आम्ही काचेवरून चालल्यासारख्या बोलत होतो. धाकटीच्या तोंडून ‘कसे’ एवढं निघालं, तर मी टेबलाखालून तिच्या पायावर अशी लाथ मारली की ती पुढे ‘कसे काय भाव वाढले बाई’ म्हणाली. भोंगाला सगळं कळत होतं. तिची खुर्ची तीच, खिडकी समोर दिसणारी, आणि मान दर वाक्याला तिकडे. तिकडे वकीलबाई भाऊजींकडून लिफ्टचे दोर समजून घेत असायची. मला वाटायला लागलं होतं की हे जमणार नाही. टेबल परत मिळालं, पण भोंगा काही परत आली नाही.

मग माझी पाळी आली. मी भाऊजींसमोर बसले. त्यांचा दिवस काही फार बरा नव्हता. लिफ्टबद्दलही बोलेनात. केकचा तुकडा बोटांनी चुरत बसले होते. मी मागे वळून पाहिलं आणि मला पहिल्यांदाच भोंगाचा चेहरा दिसला नाही, पाठ दिसली. ती आज दुसऱ्या खुर्चीवर बसली होती, खिडकीकडे पाठ करून. समोर धाकटी उभी राहून साहेबाची नक्कल करत होती. भोंगाने कप खाली ठेवला. टेबलाची कड धरली. आणि तो भोंगा वाजला. काउंटरवरच्या मुलीने दूध फेसवायचं थांबवलं.

भाऊजींनी दचकून मान वर केली.

"ती बाई कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी चुरलेल्या केकची बशी बाजूला केली. "आमची मैत्रीण."

"फार मोठ्याने हसते."

मला ते जुनं ‘जरा हळू’ आठवलं. हे आता उठून तिकडे गेले तर काय करायचं, म्हणून मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. पण ते उठले नाहीत. टेबलावरून माझ्याकडे झुकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये असा आवाज लहान केला.

"तिला कुणी जरा हळू म्हणत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "इथे नाही कोणी म्हणत."

"मग बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची थोडी तिच्याकडे वळवून ऐकत बसले.